सन 1357चा स्वातंत्र्यसैनिक

रझाकार, पोलीस ॲक्शन, 17 सप्टेंबर 1948. आमच्या मराठवाड्यातल्या ताडकळसच्या शाळकरी पोरालाही मुक्तिलढ्याचे हे पाठ असते. दरवर्षी झेंड्यासमोर तेच भाषण होते. मी सांगतोय ते फायलीतले. निजामाच्या तावडीतून सुटलेल्या मुलखाला पुढे सरकारने जे पैसे दिले, त्यांतले बरेच अर्ज आमच्या टेबलावरून गेले. (अर्जनवीसाच्या शेजारी बसणाऱ्याला साहेबापेक्षा जास्त कळते, साहेबाची बदली होते.)

केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन 1972ची. आमच्याकडच्यांची पंचाईत अशी, की ते इंग्रजांच्या नव्हे, निजामाच्या तुरुंगात बसलेले. निजामी राज्याच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढलेल्यांना तर केंद्राने 1985 साली मोजायला घेतले. एका म्हाताऱ्याने सुटकेचा अस्सल उर्दू कागद जपून ठेवला होता. त्यावर साल 1357. कारकुनाचा शेरा आला : ‘1357 मध्ये स्वातंत्र्यलढा चालू नव्हता, खुलासा करावा.’ आम्ही लिहिले, हा फसली सन आहे, यात 590 मिळवावेत. फाईल परत आली : ‘590 मिळविण्याबाबतच्या शासन निर्णयाची प्रत जोडावी.’

कागद नसेल तर जेल भोगलेल्या जुन्या सैनिकाचा दाखला चाले. असे दाखले देणारे दोन बुजुर्ग होते, आणि दोघांचे पक्ष वेगळे. कॅम्पात ज्याच्या ताटात जेवले, त्यालाच एकाने दाखला नाकारला. का, तर गडी जिल्हा परिषदेला विरोधात उभा राहिला होता. दुसऱ्याने त्याला लढ्यात कधी पाहिलेही नव्हते, पण पहिल्याची जिरवायची म्हणून लगेच सही ठोकली. खऱ्या माणसाला पेन्शन मिळाली, ती खोट्या दाखल्यावर.

बीडकडे याच्या उलटे झाले. तिथले बोगस पेन्शनरांचे प्रकरण न्यायमूर्ती पालकर आयोगापर्यंत आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या सुमारास आमच्याकडेही काही जणांना आपण भूमिगत होतो याचा अचानक विसर पडला.

आता लढ्यातल्या पैशांची गोष्ट : नांदेडकडच्या उमरीची बँक. 30 जानेवारी 1948ला सैनिकांनी ती लुटली, वीस लाखांच्या घरात रक्कम. गांधीजी गेले तो दिवसही हाच, म्हणून इतक्या मोठ्या धाडसाची बातमी झाकली गेली. त्या पैशांचा हिशेब लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी पुढे सरकारला सादर केला. कुणी मागण्याआधी हिशेब आला तो दरोड्याचा. गावच्या पाझर तलावाचा आम्ही अजून मागतोय.

तलाव राहू द्या, सरकारी आकडे त्याहून मोठे. ऑक्टोबर 2016च्या औरंगाबादच्या मंत्रिमंडळ बैठकीत मराठवाड्यासाठी 49 हजार कोटींच्या घोषणा झाल्या. पुढची बैठक थेट सप्टेंबर 2023ला; आकडा सिंचनासकट 59 हजार कोटी. मंत्र्यांच्या आलिशान हॉटेलांवरून ओरड झाली, तेव्हा मुख्यमंत्री शिंदे सुभेदारी विश्रामगृहावर उतरले. त्या संध्याकाळी ताडकळसच्या पारावर 59 हजार कोटीत शून्ये किती, यावर एकमत होईना. हॉटेलातल्या एका रात्रीचे भाडे मात्र सगळ्यांना तोंडपाठ होते.