धूर नाही, म्हणून धोका नाही? घरातली जुनी शेगडी आधी ओळखा

हिवाळा सुरू झाला की विदर्भातील सर्वांत कमी तापमानाच्या बातमीत गोंदियाचे नाव हमखास दिसते. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तर तलाव आणि जंगलाच्या शेजारचे गाव. तिथे पहाटेचा गारठा अंगात शिरतो. अशा दिवसांत, गॅस आल्यापासून माळ्यावर पडलेली शेगडी, म्हणजे आपली ‘सिगडी’, पुन्हा खाली येते. अंगणात निखारे फुलवले जातात आणि रात्री तीच शेगडी खोलीत नेऊन दार लावले जाते. ‘धूर तर केव्हाच गेला’ असे म्हणून घरची मंडळी निर्धास्त झोपतात. इथेच चूक होते.

जुन्या चुली आणि शेगड्या वेगवेगळ्या प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचा धोकाही वेगळा असतो. त्यामुळे आपल्या घरात कोणती आहे, हे आधी ओळखायला हवे.

मातीची चूल सहज ओळखू येते. तोंडाशी लाकूड सारायला जागा आणि बाजूला वैल. तिचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून निदान कळतो तरी. या धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दीर्घकाळ धुरात स्वयंपाक करणाऱ्या बायकांना बिडी-सिगारेट न ओढताही दम्यासारखा श्वसनविकार (सीओपीडी) जडू शकतो.

निर्धूर चुलीला धुराडे असते. वर्ध्याच्या मगनवाडीतील ‘मगन चूल’ ही या प्रकारातील जुनी. पुढे 1983-84 पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला आणि दोन भांड्यांची ‘लक्ष्मी’ चूल महाराष्ट्रातील अनेक घरांत पोहोचली. अशा चुलीचे धुराडे काजळीने बुजलेले असेल, तर ती नावापुरतीच निर्धूर उरते.

भुशाची शेगडी म्हणजे पत्र्याचा उभा डबा. मध्ये बाटली किंवा नळी उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासायचा, बाटली काढून घ्यायची आणि खालून पेटवायचे. भुसा तासन्‌तास धुमसत राहतो.

चौथी, बीडाची शेगडी. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो. लोहचुंबक पत्र्यालाही चिकटते आणि बीडालाही, त्यामुळे त्याने फरक कळत नाही. अंगाने जाड, आकाराच्या मानाने जड, पृष्ठभाग खरबरीत, रिव्हेट किंवा पत्र्याची घडी कुठेच नाही आणि साच्याच्या जोडाची बारीक रेघ दिसते, तर ते बीड समजावे. पत्र्याला पोचा येतो, बीड मात्र तडकते. तुटलेली कड दाणेदार आणि करडी दिसते. वर कोळशाची जाळी आणि खाली राख काढायचे तोंड, अशी तिची रचना असते.

बीड तापायला वेळ घेते, पण उष्णता बराच वेळ धरून ठेवते. म्हणूनच ही शेगडी रात्री उशाशी ठेवण्याचा मोह होतो. मात्र तिच्यातील लालभडक, बिनधुराचे निखारे कार्बन मोनॉक्साईड सोडत असतात. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. खोली बंद असेल तर आतला ऑक्सिजन कमी होत जातो, जळणे अपुरे होते आणि हा वायू आणखी वाढतो. निखारे राखेने झाकले तरी तो थांबत नाही. धुमसणाऱ्या भुशाच्या शेगडीलाही हेच लागू आहे.

आधी डोके जड होते, मग गरगरते, मळमळते आणि गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही, तो तसाच बेशुद्ध होतो. घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर सर्दी-पडसे समजू नका. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि हृदयरोगी यांना धोका अधिक. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. आकडा 98 दाखवला, तरी त्यावर विसंबू नका.

शंका आली की दारे-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 वर फोन करा. डॉक्टरांना ‘खोलीत शेगडी होती’ हे आवर्जून सांगा. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागू शकतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास ते साधारण तास-दीड तासात होते.

माळ्यावरची शेगडी मोडीत काढायलाच हवी असे नाही. अंगणात तिच्याभोवती बसून खुशाल शेका. झोपण्यापूर्वी मात्र ती बाहेरच राहू द्या. तापलेल्या बीडावर गार पाणी ओतू नका, ते तडकेल. निखारे चिमट्याने बाहेर काढून पाण्याने विझवा. खोलीत ऊब हवी असेल तर एक गोधडी जास्त घ्या, शेगडी नको.