उणे दहाचा कॅमेरा आणि परभणीचा मे महिना

अंगावर पाणी उडालं तरी चालेल, हातातून निसटला तरी फुटणार नाही, असा छोटा कॅमकॉर्डर घ्यायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "पाण्यात चालतो का?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धवट आहे. परभणी जिल्ह्यात पाऊस मुख्यतः चार महिन्यांचा. उरलेल्या आठ महिन्यांत कॅमेऱ्याची गाठ पडते ती उन्हाशी, काळ्या मातीच्या धुळीशी आणि कापसाच्या तंतूंशी. खोक्यावर मात्र निळंशार पाणी आणि बर्फ छापलेला असतो.

या जातीचा नमुना म्हणून जेव्हीसीची 'एव्हरिओ आर' मालिका घेऊ. २०१४ मध्ये आलेल्या या कॅमकॉर्डरची जाहिरात चार गोष्टींवर होती: ५ मीटर पाणी, दीड मीटरवरून पडणं, धूळ आणि उणे १० अंश थंडी. वर ४० पट ऑप्टिकल झूम. पुढे गोप्रोनं २०१६ मध्ये 'हिरो ५' आणला, तो वेगळी पेटी न लावता १० मीटरपर्यंत चाले. ऑलिंपसच्या टीजी मालिकेतले फोटो कॅमेरे तर १५ मीटरचा दावा करत. हे आकडे खोटे नाहीत. ते कोणत्या परिस्थितीतले आहेत, एवढंच आपण वाचत नाही.

"वॉटरप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ, त्यात काय बघायचं?"

बघायचं ते 'आयपी' या अक्षरांपुढचे दोन आकडे. पहिला धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ४ म्हणजे उडणारे शिंतोडे, ५ आणि ६ म्हणजे नळीची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचा '८' सारखा नसतो. आकड्याच्या जागी 'एक्स' दिसला, तर त्या बाबतीत काही सांगितलेलंच नाही असं समजावं. आयपीएक्स ७ असलेल्या कॅमेऱ्याचा धुळीबद्दलचा दाखला तुमच्या हातात नाही.

आणखी एक गोम आहे. बुडवण्याची परीक्षा आणि धारेची परीक्षा वेगवेगळ्या असतात. फक्त ७ लिहिलेला कॅमेरा बादलीत बुडला तर टिकेल, पण विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली धरून धुतला तर टिकेलच असं नाही. दोन्ही परीक्षा दिलेल्या वस्तूवर दोन्ही आकडे छापलेले असतात. आणि या परीक्षा साध्या, स्वच्छ पाण्याच्या. साबण, हळदीचं तेल, रंगपंचमीचं पाणी यांची परीक्षा कोणी घेत नाही.

"पाच मीटर लिहिलंय, मग विहिरीत उडी मारली तर काय बिघडतंय?"

उन्हाळ्यात पोरं विहिरीत सूर मारतात, आणि हातात कॅमेरा असला की त्याचा व्हिडिओ हवाच असतो. इथं थोडं गणित उपयोगी पडतं. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे ५ मीटरवर अर्धा. तो दाब स्थिर पाण्यातला, कॅमेरा हळूच खाली नेला तरचा. काठावरून उडी मारली की कॅमेरा वेगानं पाण्यावर आदळतो आणि त्या वेगाचाही दाब बसतो. भौतिकशास्त्राच्या नियमानं हिशेब सरळ निघतो: जितक्या मीटरवरून पडाल, तितक्याच मीटर खोलीएवढा दाब आदळताना क्षणभर बसू शकतो. पाच मीटर उंच काठावरून मारलेली उडी म्हणजे पाण्याला टेकता टेकताच पाच मीटर खोली गाठली. त्यापुढे सूर मारून माणूस खाली जातो ते वेगळंच. मराठवाड्यात काठापासून पाणी पाच-सात मीटर खाली असलेल्या विहिरी काही दुर्मीळ नाहीत.

शिवाय यातले बहुतेक कॅमेरे बुडतात. तरंगणारा पट्टा वेगळा विकत मिळतो, तो न घेता विहिरीत उतरणं म्हणजे कॅमेऱ्यावर पाणी सोडणं. आणि पाण्याखाली दिसणार काय, हाही प्रश्न आहेच. गंगाखेडच्या घाटावर पावसाळ्यातली गोदावरी गाळानं तांबूस झालेली असते. त्यात कॅमेरा धरला तर एकसारखा चहाचा रंग रेकॉर्ड होतो. पाण्यावरून, काठावरून, येलदरी धरणाचे दरवाजे उघडल्यावर उडणाऱ्या तुषारांतून शूटिंग करायला हा कॅमेरा फार चांगला. पाण्याखालच्या चित्रीकरणाची हौस निवळ पाण्यातच भागवावी.

"एकदा वॉटरप्रूफ, कायमचा वॉटरप्रूफ"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. कॅमेऱ्याचं अंग पाणी अडवत नाही. पाणी अडवते ती चार्जिंगच्या आणि कार्डाच्या झाकणाआतली रबराची बारीक कड. ती दाबली जाऊन सगळीकडून सारखी बसली तरच कॅमेरा सीलबंद होतो. तिच्यावर केसाइतकी वस्तू आडवी पडली, तरी तिच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते, आणि पाण्याला तेवढी पुरते.

आता हा जिल्हा कापसाचा. सेलू, मानवत इथली बाजारपेठ कापसावर वाढलेली. वेचणीच्या दिवसांत शेतात, जिनिंगमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रुईचे तंतू हवेत तरंगत असतात आणि चिकट रबर त्यांना अलगद धरून ठेवतं. वर आपण झाकण पुसतो ते सुती रुमालानं किंवा पंच्यानं, म्हणजे तंतू काढता काढता नवे सोडतो. चष्मा पुसायचं बिनतंतूंचं कापड वापरावं, रबर उजेडात तिरपं धरून बघावं, मगच झाकण लावावं. ऑलिंपससारख्या कंपन्या हे रबर वर्षाला एकदा बदलून घ्यायला सांगत, मग कॅमेरा पाण्यात गेलेला असो वा नसो. रबर नुसतं ठेवूनही जुनं होतं. उन्हानं तर लवकरच.

साबणाचंही सांगायला हवं. हळदीच्या कार्यक्रमात कॅमेरा पिवळा झाला की घरातलं कोणीतरी तो भांड्यांच्या साबणानं घासतं. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे साधं पाणी जिथं शिरत नाही तिथं साबणाचं पाणी शिरू शकतं. हळदीतलं तेल रबरात मुरू देणंही बरं नव्हे. साध्या, कोमट नव्हे तर थंड पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावा, हलकेच हलवावा, पुसून सावलीत वाळवावा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय झाकण उघडू नये. हे शेवटचं वाक्य माहितीपुस्तिकेतही असतं. लोक ते वाचतात आणि लगेच चार्जरची पिन लावतात.

चार्जिंग चालू असताना झाकण उघडंच असतं, म्हणजे त्या वेळी तुमच्या हातात साधा कॅमेरा असतो. वरातीत पॉवर बँक जोडून शूटिंग करायचं आणि वरून पाऊस आला तर बिनधास्त राहायचं, असं चालत नाही. बाहेरचा माइक जोडला तरी तेच.

"दणकट आहे, उन्हाला काय भितो!"

उणे १० अंशांची हमी आपण पैसे मोजून घेतो. परभणीत थंडी कडक पडते हे खरं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. पण शून्य ते उणे १० हा भाग इथं कामाला येत नाही. कामाला येतो वरचा आकडा, आणि तो बहुतेक कॅमेऱ्यांना ४० अंश असतो. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरात.

मे महिन्यात परभणीचं तापमान ४२-४४ अंशांवर जाणं ही बातमी नसते. हा आकडाही सावलीतला, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीतला. भर दुपारी लग्नाच्या मांडवाबाहेर, उन्हात धरलेलं काळं प्लास्टिक त्याच्या कितीतरी वर जातं. त्यात हा कॅमेरा सीलबंद. पाणी आत जायला वाट नाही, तशी आतली उष्णता बाहेर पडायलाही झरोका नाही, पंखा तर नाहीच. फोर-के रेकॉर्डिंग लावलं की आतली चिप आणखी तापते आणि कॅमेरा स्वतःहून बंद पडतो, नेमक्या मंगलाष्टकांच्या वेळी. तो बिघाड नसतो, स्वतःला वाचवणं असतं. फुल एचडीवर आणलं की उष्णता बरीच कमी होते, आणि घरच्या टीव्हीवर बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना फरक कळतो.

बॅटरीचं नुकसान मात्र चुपचाप होतं. लिथियमच्या बॅटऱ्या उष्णतेत लवकर म्हाताऱ्या होतात. दुपारच्या शूटिंगनंतर तापलेला कॅमेरा लगेच चार्जिंगला लावणं सगळ्यात वाईट. रात्री उशिरा किंवा पहाटे लावावा. बऱ्याच सीलबंद कॅमकॉर्डरची बॅटरी आतच बसवलेली असते, ती बदलायची तर कॅमेरा उघडावा लागतो, आणि कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं उघडलेला कॅमेरा पुन्हा पाण्यात घालू नये. उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर तर तो एक मिनिटही ठेवू नये.

या सगळ्यात सीलबंद कॅमेऱ्याचा एक फायदा कोणी सांगत नाही. मराठवाड्यातली मेची हवा कोरडी असते, त्यामुळे ओलं फडकं पटकन गार होतं. झाकणं नीट लावलेल्या कॅमेऱ्याला, तो तापायच्या आधीच, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवता येतं, माठाचंच तत्त्व. साध्या कॅमेऱ्याला हे करता येणार नाही. पण तापलेला कॅमेरा थेट गार पाण्यात घालायचा नाही. आतली हवा ६० अंशांवरून २५ वर आली, तर तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. म्हणजे एक मीटर पाण्याइतकी ओढ आतून लागते आणि सगळा भार त्या रबरी कडेवर येतो.

काचेवर आतून धुकं धरतं, तेही अचानक गार झाल्यानंच. जुलैच्या दमट हवेत झाकण उघडलं, कार्ड बदललं, बंद केलं; ओली हवा आत कोंडली गेली. मग कॅमेरा गार पाण्यात किंवा एसी गाडीत नेला की ती काचेवर उतरते. लोक म्हणतात, "पाणी शिरलं." बहुतेकदा शिरलेलं नसतं. कार्ड कोरड्या खोलीत बदलावं. कूलर चालू असलेल्या खोलीत नाही, कारण कूलर हवा गार करतो तो ओल वाढवूनच.

"व्हिडिओ चांगला, म्हणजे फोटोही चांगले"

४० पट झूम एवढ्याशा अंगात बसतो, कारण आतला सेन्सर फार लहान असतो. एव्हरिओ आर मालिकेत तो १/५.८ इंची होता. दिवसाउजेडी, लांबून, हे यंत्र मोबाइलला मागे टाकतं: शाळेच्या मैदानावरची कबड्डी, उरुसाच्या गर्दीतला पाळणा, बांधावरून दिसणारा मोर. रात्रीच्या वरातीत, एलईडीच्या उजेडात मात्र चांगल्या मोबाइलपुढे तो दुबळा पडतो. व्हिडिओतून काढलेल्या फोटोचा हिशेब सोपा आहे. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. ३०० ठिपके प्रति इंच धरले तर छापील फोटो जेमतेम ६.४ बाय ३.६ इंचांचा. फोर-केची फ्रेम सुमारे ८३ लाखांची, तिच्यात ८ बाय १२ चा अल्बमचा फोटो जवळजवळ बसतो. खोक्यावरचे मेगापिक्सेल कधी कधी ठिपके फुगवून सांगितलेले असतात, ते वेगळं.

आवाजाकडे तर कोणी बघतच नाही. माइकच्या छिद्रावर पाणी अडवणारा पातळ पडदा असतो. तो ओला झाला की वाळेपर्यंत आवाज घोगरा येतो. कीर्तनाआधी कॅमेरा धुऊ नये.

"अमेरिकेतून भाच्यानं आणला, तिकडचा माल"

तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. आपले दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. तिकडे विकले जाणारे अनेक कॅमकॉर्डर ३० किंवा ६० फ्रेमवरच बांधलेले असतात आणि मेनूत ५० ची सोय नसते; मग ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० वर हातानं ठेवता येत असेल तर बराच भाग निभावतो. आणण्याआधी भाच्याला हे विचारायला सांगावं. भारतातली वॉरंटी त्या कॅमेऱ्याला लागू आहे का, हेही.

"अतिवृष्टीचं शूटिंग केलंय, म्हणजे पुरावा पक्का"

२०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षांच्या सप्टेंबरांत जिल्ह्यानं अतिवृष्टी पाहिली, आणि पावसात न डगमगणाऱ्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग अशा दिवशीच. पण पिकाच्या नोंदीसाठीच्या ई-पीक पाहणीला त्यातला फोटो चालत नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत फोटो मोबाइलवरच्या त्याच ॲपमधून, शेतात उभं राहून काढावा लागतो. दुसरीकडून आणून चिकटवता येत नाही. कॅमेऱ्यातल्या चित्रणाची प्रत न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यासाठी मूळ कार्ड पुसू नये. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते आणि मूळ फाइलमधली माहिती तिच्यात उरतेच असं नाही. लांबलचक शूटिंगच्या फाइली बऱ्याच कॅमेऱ्यांत ४ जीबीला आपोआप तुटतात, तेव्हा सगळे तुकडे उतरवून घ्यावेत. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आधी लावून ठेवावं. बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस पडून राहिलेला कॅमेरा पुन्हा सुरू केला, की कित्येकदा तारीख मूळ ठराविक वर्षावर गेलेली असते, आणि सप्टेंबरातला पूर १ जानेवारीला आलेला दिसतो.