सर्व्हरची घड्याळं जुळवायची कशी?

आमच्या एका प्रयोगाच्या नोंदी तपासताना विचित्र प्रकार दिसला. एका सर्व्हरवरून माहिती निघाली १०:४२:०७ ला, आणि दुसऱ्यावर पोहोचली १०:४२:०५ ला. म्हणजे निघण्याच्या दोन सेकंद आधीच! दुसऱ्या सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं होतं.

संगणकातलं घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालतं आणि तापमानानुसार ती किंचित बदलतात. दहा लाख सेकंदांत २० सेकंदांची चूक क्षुल्लक वाटते, पण दिवसाला ती सुमारे १.७ सेकंद होते.

यावरचा उपाय म्हणजे डेव्हिड मिल्स यांनी घडवलेला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, अर्थात एनटीपी. त्याचं पहिलं विवरण १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. समजा, आपल्या घड्याळात ० मिलिसेकंद असताना आपण वेळ विचारली आणि ४० ला उत्तर आलं: ‘माझ्याकडे १०० वाजलेत.’ जायला-यायला सारखाच वेळ लागला असं धरलं, तर उत्तर निघालं तेव्हा आपल्याकडे २० वाजले होते. म्हणजे आपण ८० मिलिसेकंद मागे आहोत.

एका यंत्रावर ही सोय करणं पाच मिनिटांचं काम आहे. दोनशे यंत्रं असली की एखादं राहून जातं. आमचंही तसंच राहिलं होतं. म्हणून ॲन्सिबलसारखं साधन वापरतात. ‘प्रत्येक यंत्रावर क्रोनी ही एनटीपी प्रणाली चालू हवी आणि वेळ याच चार सर्व्हरकडून घ्यावी’ असं एका फाइलमध्ये लिहायचं. साधन प्रत्येक यंत्र तपासतं आणि जिथे फरक असेल तिथेच बदल करतं.

चार कशासाठी? दोघांची वेळ वेगळी आली, तर चुकतंय कोण ते कळत नाही. चारांपैकी एक बिघडला, तरी तिघांचं बहुमत उरतं. मात्र लीप सेकंद आला की गूगलचे वेळ-सर्व्हर तो २४ तासांत थोडा थोडा वाटतात, इतर अनेक सर्व्हर एकदम देतात. हे दोन प्रकार एका यादीत मिसळू नयेत. शिवाय फाइलमधली चूकही दोनशे यंत्रांवर तितक्याच तत्परतेने पोहोचते, म्हणून बदल आधी दोन-तीन यंत्रांवर करून पाहावा.

आमचं राहिलेलं यंत्र आता वेळेवर चालतं. पण ते किती दिवस मागे होतं, हे कुठेच नोंदलेलं नव्हतं. त्यामुळे त्या काळातल्या नोंदींचा क्रम आम्हाला लावता आला नाही आणि प्रयोगाचा तो भाग पुन्हा करावा लागला.