चौल-रेवदंड्याची एक दिवसाची सहल

मुंबईहून एका दिवसाची सहल म्हटली की बहुतेकांची गाडी अलिबागच्या किनाऱ्यावर थांबते. या हिवाळ्यात आम्ही दोन घरची माणसं तिथून सुमारे १८ किलोमीटर पुढे, रेवदंड्याला गेलो. सकाळी गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग आणि पुढे नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून नागाव, चौल करत रेवदंडा.

रेवदंडा वसलं आहे ते पोर्तुगीजांच्या जुन्या कोटाच्या आत. सोळाव्या शतकात त्यांनी हा कोट बांधला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. पडक्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. तटबंदी थेट समुद्राला भिडते. वाळू काळसर, किनाऱ्याला सुरूची झाडं आणि समोर कुंडलिका नदीच्या मुखापलीकडे कोर्लईचा किल्ला. मुलं वाळूत रमली, वडीलधारे सावलीत टेकले. तटाच्या आडोशाला चटई अंथरून आम्ही जोहरची नमाज जमातीने अदा केली आणि मग घरून आणलेले डबे उघडले.

जेवताना आठवीतल्या मुलाने मनातली गोष्ट काढली. शाळेत कुणीतरी त्याला विचारलं होतं, "तुम्ही लोक मुळात कुठून आलात?" त्याला उत्तर सुचलं नव्हतं. ते उत्तर हाकेच्या अंतरावर होतं, चौलमध्ये.

चौल हे फार जुनं बंदर. ग्रीक लेखकांनी त्याला सिमुल्ला म्हटलं, अरबांनी सैमूर. बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे सन ९१६ च्या सुमारास, इथे आला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की सैमूरमध्ये तेव्हा सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी इथे लग्नं करून स्थायिक झाले होते. शिवाय 'बयासिरा' होते. बयासिरा म्हणजे कोण? तर याच भूमीवर मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले, असं तो सांगतो.

म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीच या किनाऱ्यावर जन्मलेल्या मुसलमानांसाठी वेगळं नाव रूढ झालं होतं. ते सैन्य घेऊन आले नव्हते. व्यापाराला आले आणि सोयरिकी करून इथलेच झाले. राज्य होतं राष्ट्रकूटांचं आणि त्यांच्या हाताखाली शिलाहारांचं. मुसलमानांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक मानाचा माणूस नेमला होता; त्या पदाला 'हुनरमा' म्हणत. राष्ट्रकूट राजा मुसलमानांना जेवढा मान देतो तेवढा हिंद-सिंधचा दुसरा कुणी देत नाही, असंही मसूदी नोंदवतो. हिंदू राजाच्या राज्यात मशिदी होत्या, नमाज होत होती.

दुपारनंतर आम्ही चौलच्या वाड्यांमधून फिरलो. रामेश्वराचं मंदिर पाहिलं, नंतरच्या मुस्लिम राजवटीतल्या हमामखान्याचे अवशेष पाहिले. बेने इस्रायली यहुद्यांचं प्रार्थनास्थळ रेवदंड्यात आहे. एवढ्याशा परिसरात किती लोक आले आणि राहिले! मुलांना हे पुस्तकात वाचून दाखवण्यापेक्षा इथे पायी फिरवणं बरं. आपली मुळं सांगायला आवाज चढवावा लागत नाही. माहिती असली की पुरतं.

दुःख एकाच गोष्टीचं. पडक्या भिंतींवर नावं कोरलेली, कोपऱ्यात प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. यात आपलीही माणसं असतात. पाकी आपल्या ईमानाचा भाग आहे. ती घराच्या उंबऱ्यापाशी संपत नाही. आम्ही मुलांच्या हातात एक रिकामी पिशवी दिली. ती भरायला वेळ लागला नाही.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारूनच पाण्यात उतरा. पडक्या भिंतींवर मुलांना चढू देऊ नका. पिण्याचं आणि वुजूचं पाणी सोबत ठेवा. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ सकाळीच विचारून घ्या, म्हणजे दिवेलागणीला धावपळ होणार नाही. आणि निघण्यापूर्वी घरातल्या मुलांना मसूदीची ही गोष्ट जरूर सांगा.