संमीलन ते उन्मीलन : खग्रास सूर्यग्रहणाचा प्रत्यक्षानुभव

प्रास्ताविक

पंचांगात सूर्यग्रहणाच्या नोंदीपुढे सामान्यतः स्पर्श, मध्य आणि मोक्ष अशा तीन वेळा दिलेल्या असतात. ग्रहण खग्रास असेल आणि ज्या स्थळासाठी गणित केले ते स्थळ चंद्रछायेच्या पट्ट्यात येत असेल, तर त्यांत आणखी दोन वेळांची भर पडते : संमीलन आणि उन्मीलन. सूर्यबिंबाचा शेवटचा तेजस्वी कण चंद्राआड जातो ते संमीलन. पहिला कण पुन्हा प्रकटतो ते उन्मीलन. या दोहोंमधील काळ कधी काही सेकंदांचा असतो, आणि अत्यंत अनुकूल परिस्थितीतही तो साडेसात मिनिटांपलीकडे जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढ्याच काळापुरता आहे.

विषय इतका आवळून घेण्यास कारण आहे. खंडग्रास सूर्यग्रहण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते, आणि त्यावरून खग्रास ग्रहणाची कल्पना करणे हा सुशिक्षितांमध्येही सार्वत्रिक प्रघात आहे. 'आपल्याकडे नव्याण्णव टक्के दिसणार आहे, मग त्या एका टक्क्यासाठी शेकडो मैल कशाला जायचे?' हा प्रश्न प्राध्यापकांच्या खोलीतही ऐकू येतो. प्रश्न वरवर रास्त वाटतो. त्याचे उत्तर मात्र प्रकाशाच्या गणितात आणि मानवी डोळ्याच्या रचनेत आहे.

नव्याण्णव आणि शंभर यांतील अंतर

सूर्याचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या सुमारे ४०० पट आहे, आणि पृथ्वीपासून त्याचे अंतरही चंद्राच्या अंतराच्या सुमारे ४०० पट आहे. त्यामुळे दोन्ही बिंबे आकाशात जवळजवळ सारख्याच आकाराची दिसतात. चंद्र पृथ्वीच्या निकट असताना तो सूर्याला पूर्ण झाकतो. दूर असताना कडेला तेजाचे कडे उरते व ग्रहण कंकणाकृती होते. इतका भाग शालेय पुस्तकांतही असतो. त्यापुढचा हिशेब सहसा कोणी करीत नाही.

सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पट तेजस्वी दिसतो. बिंबाचा ९९ टक्के भाग झाकला गेला तरी उरलेला एक टक्का सुमारे चार हजार पूर्णचंद्रांएवढा प्रकाश देत राहतो. उलट सूर्याचे बाह्य वातावरण, ज्याला किरीट अथवा कोरोना म्हणतात, ते सर्व मिळून साधारणपणे एका पूर्णचंद्राच्या तेजाच्या आसपास असते. म्हणजे एका टक्क्याच्या त्या कोरीसमोर किरीट हजारो पटींनी फिके ठरते आणि दिसतच नाही. ते आकाशात सदैव असते; दिवसाच्या उजेडात चांदण्या हरवतात तसे ते हरवलेले असते.

यात डोळ्याचाही वाटा आहे. प्रकाश निम्मा झाला तरी आपल्याला तो निम्मा झाल्यासारखा वाटत नाही. बाहुली विस्फारते, दृष्टिपटल जुळवून घेते, आणि तीन चतुर्थांश सूर्य झाकलेला असतानाही रस्त्यावरून जाणाऱ्याला काही घडते आहे याची जाणीव होत नाही. ज्याला ग्रहणाची वार्ताच नाही, तो ऐंशी टक्क्यांचे ग्रहणही न कळत पार करील. या जुळवून घेण्याला मर्यादा पडते ती अगदी शेवटच्या एक-दोन मिनिटांत. तेव्हा प्रकाश इतक्या झपाट्याने उतरतो की डोळा मागे पडतो. म्हणून नव्याण्णव आणि शंभर यांतील फरक एका अंशाचा मानता येत नाही. त्या दोन स्थितींत दिसणाऱ्या वस्तूच निराळ्या असतात.

छाया येताना

भारतातील अलीकडच्या खग्रास ग्रहणांपैकी २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण या दृष्टीने उदाहरणादाखल घेण्याजोगे आहे. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झाले होते. (सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, तेव्हा दिवाळीशी त्याची गाठ अधूनमधून पडणारच.) छायेचा पट्टा राजस्थानातील नीम का थाना, पुढे आग्र्याचा परिसर, अलाहाबादजवळील इरादतगंज आणि बंगालमधील डायमंड हार्बर असा गेला. पट्टा अरुंद, सूर्य सकाळचा व आकाश बव्हंशी निरभ्र होते. खग्रास अवस्था राजस्थानात मिनिटाहून कमी आणि बंगालमध्ये मिनिटाहून थोडी अधिक होती. एवढ्या वेळासाठी हजारो लोक पहाटेपासून माळांवर उभे होते.

स्पर्शानंतर पहिला तासभर पाहण्यासारखे फारसे नसते, आणि हे विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेले बरे. गाळणीतून पाहिले तर बिंबाच्या कडेला पडलेला चावा हळूहळू वाढत जातो. झाडाखाली मात्र जरूर पाहावे. पानांमधील प्रत्येक फट सूचिछिद्र कॅमेऱ्याचे काम करते, आणि नेहमीच्या गोल कवडशांच्या जागी जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पसरतात. गोल कवडसा हे सूर्याचे चित्र असते, फटीचे नव्हे, ही गोष्ट प्रकाशशास्त्राच्या तासाला फळ्यावर सांगून जितकी पटते त्याहून येथे अधिक पटते.

शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत प्रकाशाची जात बदलते. संध्याकाळी सूर्य क्षितिजाकडे जातो तेव्हा त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात, म्हणून उजेड तांबूस होतो. येथे सूर्य वरच असतो. उजेड कमी होतो, पण उबदार होत नाही. रंग विटल्यासारखे दिसतात आणि माणसांच्या चेहऱ्यांवर जस्ताची कळा येते. प्रकाशाचा स्रोत बिंबाऐवजी बारीक कोर झाल्यामुळे सावल्यांच्या कडा एका दिशेने विलक्षण रेखीव होतात. हाताच्या सावलीत एकेक केस मोजता येईल इतक्या. हवा गार होते. तापमान काही अंशांनी उतरते आणि त्याचा नीचांक संमीलनानंतर काही मिनिटांनी येतो. पक्षी घरट्यांकडे वळतात. २०१७ मध्ये अमेरिकेत झालेल्या ग्रहणात ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांत असे आढळले की, मधमाश्या खंडग्रास अवस्थेत उडतच होत्या; खग्रास होताच त्यांचा गुंजारव जवळजवळ थांबला. नव्याण्णव आणि शंभर यांतील भेद त्यांनाही कळला, असे म्हणावयास हरकत नाही.

कधीकधी पांढऱ्या कापडावर अथवा भिंतीवर फिकट, थरथरत्या पट्ट्या सरकताना दिसतात. बारीक कोरीचा प्रकाश हवेच्या विषम थरांतून येताना होणारा हा परिणाम असून तारा लुकलुकण्याशी त्याचे नाते आहे. उंचवट्यावर उभे असल्यास पश्चिमेकडून अंधार चालून येताना दिसू शकतो. ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी ती चंद्राची सावली असते. वादळाचा ढग यावा तशी ती येते, पण आवाज नसतो. ज्यांना ग्रहणाचे गणित तोंडपाठ आहे असे निरीक्षकही या क्षणी शरीराने दचकल्याचे सांगतात.

संमीलनानंतर

चंद्राची कड सपाट नाही. तिच्यावरील दऱ्यांमधून शेवटचे किरण झिरपतात तेव्हा कोर तुटून तेजाच्या मण्यांची माळ होते. फ्रान्सिस बेली यांनी १८३६ च्या कंकणाकृती ग्रहणात त्यांचे वर्णन केले, म्हणून ते 'बेलीचे मणी'. त्यांतील शेवटचा मणी आणि भोवती उमटू लागलेले किरीटाचे कडे मिळून हिऱ्याची अंगठी दिसते. ती विझते, आणि संमीलन होते.

आता गाळणी दूर करावयाची. आकाशात सूर्याच्या जागी काळेभोर वर्तुळ असते. त्याच्या कडेला काही सेकंद वर्णमंडलाची गुलाबी रेघ आणि दैव अनुकूल असेल तर तशाच रंगाच्या सौरज्वाला दिसतात. भोवती मोतिया रंगाचे, धाग्याधाग्यांचे किरीट पसरलेले असते. त्याचा आकार दर वेळी निराळा असतो. सौरडागांचे चक्र शिखरावर असता किरीट चहूबाजूंनी सारखे फाकते, तसे ते १९८० मध्ये होते. चक्र मंदावलेले असता ते विषुववृत्ताच्या दिशेने दोहोंकडे लांबते. १९९५ मध्ये तसे होते. म्हणजे ज्याने ही दोन ग्रहणे पाहिली त्याने एकच वस्तू दोनदा पाहिली असे होत नाही. शुक्र आणि क्वचित बुध भरदिवसा दिसतात. सभोवार क्षितिजावर मात्र सर्व दिशांनी सांज फुटल्यासारखा नारिंगी उजेड असतो, कारण छायेच्या सीमेपलीकडे दिवस चालूच असतो.

छायाचित्रात हे का येत नाही? किरीटाचा आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा हजार पटींहूनही अधिक तेजस्वी असतो. एका उद्भासनात दोन्ही पकडता येत नाहीत. आतले रेखीव आले तर बाहेरचे काळोखात जाते. मासिकांतील सुंदर चित्रे अनेक छायाचित्रे एकावर एक रचून केलेली असतात. डोळा हा विस्तार एकाच दृष्टिक्षेपात बव्हंशी सामावून घेतो. अर्थात डोळ्याची थोरवी गातानाही तारतम्य हवे. छायाचित्रणापूर्वीच्या काळात एकाच ग्रहणाची, एकाच ठिकाणाहून काढलेली किरीटाची चित्रे एकमेकांशी जुळत नसत. अनुभव उत्कट असतो म्हणून तो अचूक पुरावा ठरत नाही. दोन मिनिटे पाहिलेल्यांनाही ती दहा-वीस सेकंदांची वाटतात, हेही येथे नमूद करावे.

विजयदुर्ग, जेऊर, तळणी

महाराष्ट्राच्या भूमीवर या अनुभवाचा समृद्ध इतिहास आहे, परंतु तो नीट सांगितला जात नाही. हेलियमचा शोध १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला, ही समजूत दृढ झालेली आहे. वस्तुतः १८ ऑगस्ट १८६८ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूर येथे होते. तेथे त्यांना सौरज्वालांच्या वर्णपटातील रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहणाविनाही त्या पाहता येतील हे त्यांच्या ध्यानी आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करून दाखविले. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. तेथूनच त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये स्वतंत्रपणे त्या रेषा पाहिल्या. त्यांतील पिवळी रेषा सोडियमची नसल्याचे आढळून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर हेलियम सापडण्यास १८९५ साल उजाडावे लागले.

लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांना त्यांनी निरीक्षणकार्यात सामील करून घेतले होते. किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' हे या मोहिमेचे स्मारक म्हणून अधिक शोभतील. त्याच दिवशी छाया कोकणातून घाटावर चढून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून गेली. तेथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवालाही होते. पुढे वऱ्हाडातील तळणी येथे अ‍ॅनी माँडर यांनी साध्या साधनांनी किरीटाचा असा एक लांबलचक किरण छायाचित्रात टिपला, की ज्याची लांबी पाहून तज्ज्ञही चकित झाले. नायगमवाला हे महाविद्यालयीन अध्यापक होते, ही बाब आपल्या वाचकांच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही. केवळ दोन मिनिटांसाठी त्यांनी उपकरणे जेऊरच्या माळावर नेली.

बंद दारे

याच्या शेजारी १६ फेब्रुवारी १९८० ठेवून पाहावे. छाया उत्तर कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून हुबळी, रायचूरमार्गे कोणार्ककडे गेली. हवा कोरडी होती, वेळ दुपारची होती आणि खग्रास अवस्था दोन मिनिटांहून अधिक होती. आणि देशातील कित्येक शहरांचे रस्ते ओस पडले होते. लोक खिडक्या लावून घरात बसले. वेध पाळणे, गर्भवतीने चिरू-कापू नये, 'दे दान सुटे गिऱ्हाण' ही आरोळी, हा सारा आचार जुना आहेच. पण त्या दिवशी त्याला डोळ्यांच्या भीतीची आधुनिक जोड मिळाली. ती भीती निराधार नव्हती. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे सूर्याच्या बारीक कोरीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणारा आपण भाजलो हे नंतरच ओळखतो. काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म, पाण्याची परात हे उपाय विश्वसनीय नाहीत. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित चष्मा अथवा सूचिछिद्रातून पाडलेली प्रतिमा हेच सुरक्षित मार्ग आहेत. संमीलन ते उन्मीलन एवढ्या अवधीत मात्र उघड्या डोळ्यांनी पाहणे निर्धोक आहे, किंबहुना आवश्यक आहे. चष्म्यातून किरीट दिसतच नाही. सूचनापत्रकांत हे वाक्य बहुधा गाळले जाते. 'सूर्याकडे पाहू नका' एवढेच सांगितल्याने विद्यार्थी ज्यासाठी आला तेच हुकतो.

पंधरा वर्षांनी, १९९५ मध्ये, चित्र पालटले. विज्ञानप्रसारक संस्थांनी सुरक्षित चष्मे वाटले होते आणि दूरदर्शनने थेट प्रक्षेपण केले होते. ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९ या दोन्ही ग्रहणांना पावसाळा आडवा आला. २००९ मध्ये बिहारमधील तारेगणा येथे प्रचंड गर्दी झाली होती. वर ढग असल्यामुळे तेथे किरीट दिसले नाही. सकाळी सहाच्या पुढे अचानक रात्र पडली आणि साडेतीन मिनिटांहून अधिक काळ टिकली, एवढेच लोकांनी अनुभवले. तेही थोडे नव्हे.

एखाद्या विवक्षित स्थळी खग्रास सूर्यग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येते. ते आपल्या गावी येण्याची वाट पाहणे म्हणजे बहुधा ते न पाहणे होय. भारतीय भूमीवर यानंतरची छाया २० मार्च २०३४ रोजी, दिवस कलताना, कारगिल आणि लडाखच्या परिसरावरून जाईल. महाराष्ट्रातून ते ग्रहण खंडग्रासच दिसेल. मार्चमध्ये तिकडे बर्फ असते, मार्ग बंद असू शकतात आणि वार्षिक परीक्षांचे वेळापत्रकही त्याच सुमारास लागलेले असते. भूगोल, भौतिकशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विभागांनी मिळून सहल न्यावयाची ठरविल्यास प्रवासाची चौकशी, चष्म्यांची खरेदी आणि परीक्षा मंडळाशी पत्रव्यवहार यांस किमान एक वर्ष हाताशी असावे.