फुलदाणीचं मूळ तिच्या बुडाशी

खानदेशातल्या जुन्या वाड्याच्या वाटण्या झाल्या की शेत, सोनं, तांब्या-पितळेची भांडी यांचे हिस्से पडतात आणि काचसामान मागे उरतं. दोन-चार हंड्या, एखादी गुलाबदाणी, आणि नशिबाने उठावाची रंगीत फुलं काढलेली एखादी फुलदाणी. पणजोबांनी मुंबईहून आणलेली, यापलीकडे घरात कुणाला काही सांगता येत नाही. अशी फुलदाणी इथे असण्यात नवल नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इकडच्या कापसाचे भाव कडाडले, त्याच सुमारास आगगाडी खानदेशात आली आणि इथल्या पेढ्यांचं मुंबईशी दळणवळण वाढलं. प्रश्न एवढाच उरतो, की मुंबईच्या बाजारात ती कुठून आली?

काचेवरचं मीनाकाम म्हणजे काचेवर काचेनेच केलेलं चित्रकाम. रंगीत काच मैद्यासारखी बारीक दळतात, रंगासाठी तीत धातूंची भस्मं असतात. ती तेलात किंवा गोंदाच्या पाण्यात कालवून कुंचल्याने लावतात आणि भांडं पुन्हा भट्टीत भाजतात. साधारण साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसला रंग वितळून अंगाला धरतो. आच थोडी जास्त झाली तर भांडंच बसतं, कमी पडली तर रंग पुढे खपल्या धरून निघतो. सोनं चढवायचं असेल तर बहुधा आणखी एक भाजणी होते. म्हणून डोळे मिटून पाकळीवरून बोट फिरवावं. भाजलेला मीना बोटाला उंच लागतो, नखाला दाद देत नाही. वरवर लावलेला तैलरंग नखाने सुटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम अनेक देशांत चाले. इंग्लंडमध्ये स्टौरब्रिज, फ्रान्समध्ये पॅरिसच्या आसपासचे कारखाने, आणि सर्वांत मोठा पसारा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागाचा. तिथली रीत समजून घेतल्याशिवाय ओळख पटवणं अवघड आहे. काच फुंकायची एका गावात, रंगवायची दुसऱ्या गावात. हायडा आणि श्टाइनशोनाउ (आजची नोवी बोर आणि कामेनित्स्की शेनोव) ही रंगवणाऱ्यांची गावं. तिथले कारागीर वेगवेगळ्या भट्ट्यांची कोरी भांडी विकत घेऊन सजवत. त्यामुळे एकाच घाटाच्या दोन फुलदाण्यांवर दोन वेगळ्या घराण्यांचा हात असू शकतो. कार्ल्सबादच्या मोझरचं नाव विक्रेते कशालाही चिकटवतात, पण १८५७ साली सुरू झालेल्या या पेढीने स्वतःची भट्टी पेटवली ती १८९३ मध्ये. त्याआधीचा तिचा माल दुसऱ्यांच्या काचेवरच सजलेला आहे.

ओळखीची सुरुवात फुलांपासून करू नये, बुडापासून करावी. फुंकलेलं भांडं नळीवरून उतरवण्यासाठी बुडाला लोखंडी कांब चिकटवत. ती तोडल्यावर राहणारा खरबरीत वण कुठे तसाच दिसतो, कुठे घासून गुळगुळीत वाटीसारखा केलेला असतो. बूड टेकतं त्या कडेवर बारीक ओरखडे हवेत, आणि तेही सगळ्या दिशांनी, कारण शंभर वर्षांत फुलदाणी कितीदा तरी फिरवून ठेवली गेली. एकाच दिशेचे सरळ ओरखडे दिसले तर कुणीतरी कानस चालवली असावी. मग वजन. इंग्रजी उंची काचेत शिसं जास्त, ती जड आणि टिचकीला लांब घुमते. बोहेमियाची काच लाकडाच्या राखेतल्या पोटॅशवर पोसलेली, हलकी आणि कणखर. भिंगाखाली पाकळीत कुंचल्याचे फटकारे दिसतात. समान ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील चिकटचित्रं. बुडाला सोन्याने किंवा रंगाने घातलेला आकडा असेल तर जपून टिपून घ्यावा. तो बहुतेक वेळा नमुन्याचा क्रमांक असतो, कारखान्यांच्या जुन्या नमुनावह्यांशी ताडता येतो. घरचे लोक त्याला किंमत समजतात आणि सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

देशाचं नाव असेल तर काळ आवळता येतो. 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलेली वस्तू ऑक्टोबर १९१८ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं १८९१ पासून सक्तीचं झालं. मुंबईला येणाऱ्या मालाला तो अमेरिकी कायदा लागू नव्हता, म्हणून आपल्याकडच्या फुलदाणीवर नाव नाही यावरून ती १८९१ च्या आधीची ठरवणं चूक.

नक्षीवर तर मुळीच विसंबू नये. सायलेशियातल्या पेटर्सडॉर्फच्या फ्रिट्झ हेकर्ट कारखान्याने १९०० च्या सुमारास भारतीय वळणाच्या मीनाकामाची एक मालिकाच काढली आणि तिचं नाव ठेवलं 'जोधपूर'. तिचा जोधपूरशी संबंध नावापुरता. वेलबुट्टी देशी वाटली म्हणून वस्तू देशी ठरत नाही. आपल्याकडे पैसा फंडाचा तळेगावचा काच कारखाना १९०८ चा, कराडजवळचा ओगल्यांचा १९१६ चा. त्यांचं मोल फार मोठं आहे, पण ओगलेवाडीची ख्याती प्रभाकर कंदिलाची. बारीक मीन्याची फुलदाणी स्वदेशी म्हणायची तर त्याला सबळ पुरावा हवा.

पुराव्याची ही शिस्त खानदेशाला परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि त्यांनी जमवलेली दप्तरं सांभाळण्यासाठी तिथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. बखरीतल्या गोष्टीपेक्षा अस्सल कागद मोठा, हा त्यांचा आग्रह. फुलदाणीबाबत पणजोबांची गोष्ट ही बखर आणि बुडाचा वण हा कागद. दोन्ही ऐकावं, पण निवाडा वणाने करावा.

आणि खरोखरचा कागदही अनेक घरांत असतो. पेढीच्या कीर्दीत मुंबईच्या काचवाल्याच्या नावे एखादी रक्कम, रुमालात बांधलेली पावती, लग्नाच्या आहेराची यादी. बोहेमिया की स्टौरब्रिज हे त्यातून कळेलच असं नाही, पण खरेदीचं साल कळतं, आणि सालाने अर्ध्याहून अधिक कारखाने बाद होतात. वाटणीत फुलदाणी एकाकडे जाते, वह्या रद्दीत. आधी वह्या चाळा, साल टिपा, बुडाचा उजेडात फोटो काढा. मग कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा. राख किंवा चिंच लावू नका, काठावरचं सोनं त्यानेच जातं.