कान्होजींची कट्यार? आधी मुकुट बघ!

बुधवार नाहीतर रविवार, मंगळवार पेठेतला जुना बाजार. मागच्या रविवारी माझ्या मित्राने तिथे एक छोटी तलवार उचलली आणि खाली ठेवेचना. "कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली आहे, बारा हजार," विक्रेते काका म्हणाले. गड्याच्या खिशात मेसचे चार हजार. घासाघीस सुरू!

नीट बघितलं. मुठीच्या टोकाला सिंहाचं डोकं, मूठ पांढरी खरखरीत, पात्यावर नांगर आणि वर मुकुट. ही कट्यार नव्हेच. आपल्या कट्यारीची पकड आडवी असते, ठोसा मारावा तशी धरायची. हा होता 'डर्क', ब्रिटिश नौदलातल्या मिडशिपमनचा. म्हणजे मिसरूडही न फुटलेल्या शिकाऊ अधिकाऱ्यांचा.

सुरुवातीला डर्क ज्याला जसा आवडेल तसा बनवून घेत. १८५६मध्ये ठरावीक नमुना आला. १८७९पासून पातं लांबलं, जवळपास दीड फूट. तेव्हा खिशात टेप ठेवा. मग मुकुट. त्याच्या कमानी घुमटासारख्या फुगीर असतील तर साधारण १९०१ ते १९५२. मध्ये दबलेल्या असतील तर व्हिक्टोरिया किंवा एलिझाबेथ, मग बाकीच्या खुणा शोधायच्या. आपल्याकडे २६ जानेवारी १९५०ला नौदलाच्या चिन्हांवरून मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले.

आमचा मुकुट फुगीर होता. कान्होजी वारले १७२९ला!

बरं, निदान शंभर वर्षांपूर्वीचा तरी? मी सिंहाची आयाळ बघितली. अस्सल कामात केसांची रेघ न् रेघ छिन्नीने उठवलेली असते. इथे सगळं बोथट, साबणाच्या वडीसारखं, खाचांमध्ये ओतकामाची बारीक भोकं. आणि मुलामा सगळीकडे सारखाच काळवंडलेला. खरा मुलामा हात लागतो तिथे उडतो, सांदीत टिकतो. थोडक्यात, नक्कल.

आणखी एक. ९ इंचांहून लांब पात्याची अशी हत्यारं शस्त्र कायद्याच्या यादीत येतात. त्यामुळे अस्सल सापडला तरी आधी पोलीस ठाण्यात विचारा. नुसतं बघायचंय? शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालय आहे, तिथल्या कट्यारी डोळ्यांत साठवा.

मित्राने डर्क परत ठेवला. काका अजिबात ओशाळले नाहीत. "तीन हजार दे," म्हणाले, "भिंतीवर छान दिसतो."